बिनमुंग्यांचा टीव्ही

माणिकरावांच्या टीव्हीत मुंग्या होत्या, पण बोरगव्हाणात त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गावात टीव्ही तो एकच. माळवदावर वीस फुटी नळ्याला बांधलेला अँटिना, खाली ओसरीत लाकडी कपाटातला काळा-पांढरा टीव्ही, आणि पडद्यावर वारूळ फुटल्यासारखा नुसता बुजबुजाट. त्या गर्दीत मधूनच एखादं डोकं दिसे, कुणाचा तरी खांदा दिसे. बाकी सगळा कारभार आवाजावर. आवाज मात्र खणखणीत. लोक ओसरीभर बसून टीव्ही ऐकत आणि घरी जाऊन बघितला म्हणून सांगत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी भुजंगची पोरगी मनकर्णा तिथं झंपर द्यायला गेली. माणिकराव हे भुजंगचे थोरले भाऊ. वाटण्या होऊन दहा वर्षं झाली होती, पण थोरलेपण काही त्यांनी वाटणीत सोडलं नव्हतं. मनकर्णा बाविशीची, जन्मापासून बहिरी, त्यामुळं मुकीही. हात मात्र असा की गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिचीच शिलाई. झंपर तिनं चुलतीच्या हातात दिलं, परत फिरली, आणि फिरता फिरता तिची नजर पडद्यावरून गेली. ती जागीच थांबली. मुंग्यांच्या गर्दीत एक बाई बसली होती आणि त्या बाईचे हात हलत होते.

मनकर्णा पुढं गेली. बसलेल्या माणसांच्या मांड्यांमधून पाय टाकत पार पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. मागून लोक ओरडले, ते तिला कुठून ऐकू जाणार. शेवटी माणिकराव उठले आणि त्यांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"हिला कामून पायजे टीव्ही?" ते म्हणाले. "ऐकायचं न्हाई, बोलायचं न्हाई, अन् आमच्या आडवी उभी राह्यली!"

ओसरी हसली. हसणं ऐकू येत नसलं तरी दिसतं. मनकर्णानं सगळ्यांचे दात बघितले आणि ती घराकडं पळत सुटली.

पार्वतीबाई अंगणात तूर निवडत बसली होती. लेक धापा टाकत समोर येऊन बसली आणि तिचे हात सुटले. बोटं उघडली, मिटली, छातीकडं गेली, हवेत वळली, परत आली. पार्वतीबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण तिच्या हातातलं सूप गळून पडलं, कारण सात वर्षांत तिनं ते हात असे चालताना पाहिले नव्हते.

लहानपणी मनकर्णाला शहरातल्या बहिऱ्या मुलींच्या शाळेत घातलं होतं. तिथं वर्गात बाई ओठांकडं बघायला शिकवत, पण खरी शाळा भरायची ती वसतिगृहात. पोरी दिवे मालवेपर्यंत हातांनी बोलत. आठ वर्षांनी मनकर्णा गावी आली तेव्हा ती बोलक्या हातांनी आली होती, आणि घरात एकालाही ती बोली येत नव्हती. घरच्या खुणा होत्या. त्या खुणांत भाकर मागता येई, म्हैस व्याली हे सांगता येई, बाप म्हणायला मिशीवरून बोट फिरवलं की झालं. पण मैत्रिणीची आठवण येते, हे सांगायला घरात खूण नव्हती. पहिलं वर्षभर मनकर्णा सांगत राहिली. मग हळूहळू तिचे हात शिलाईच्या मशीनवर गेले आणि तिथंच राहिले. पार्वतीबाईनं आपल्या डोळ्यांनी ते हात गप होताना पाहिले होते, आणि त्याचं दुःख ती कुणाला सांगू शकली नव्हती. सांगणार तरी काय? पोरीला कामधंदा आहे, दोन वेळचं खायला आहे, असंच कुणीही म्हटलं असतं.

आता तिनं लेकीचे दोन्ही हात धरले आणि घरच्या खुणांनी विचारलं, काय झालं? मनकर्णानं हवेत चौकोन काढला. टीव्ही. मग एक बाई. मग बाईचे हात. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आपली बोली. माझी. आणि मग सगळी बोटं डोळ्यांपुढं वळवळवून दाखवली. मुंग्या.

पार्वतीबाईनं माहिती काढली. दर रविवारी दुपारी दिल्लीवरून बहिऱ्या माणसांसाठी बातम्या लागतात, हातांनी सांगतात, नुकत्याच सुरू झाल्यात, असं शाळेचे मास्तर म्हणाले. पार्वतीबाईला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही वेचणीला रानात होते. कापूस अंगावर आला होता आणि बाया मिळत नव्हत्या, सगळ्या गावाची एकदमच घाई. सकाळचं दहिवर कापसाच्या पऱ्हाटीवर बसलेलं, त्यानं कमरेच्या ओट्या ओल्या, आणि वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला टोचून टोचून बोटं सोलून निघालेली. पार्वतीबाई वाकल्या वाकल्या नवऱ्याला म्हणाली, "टीव्ही घ्यायचाय."

भुजंग तसाच वाकून राहिला. "दादाकडं हाय की."

"त्यात मुंग्या हायत."

"मग आपल्यात काय मुंग्याला बंदी हाय? एकाच गावात दोन हवा थोड्याच हायत."

"बिनमुंग्याचा आणायचा."

"आगं, बिनमुंग्याचा टीव्ही काय झाडाला लागतो का? अन् आत्ता? वेचनी सोडून? दादा काय म्हनंल?"

दादा काय म्हणेल, या प्रश्नापाशी भुजंगचं सगळं आयुष्य येऊन थांबत असे. माणूस कामाला वाघ, पण भावापुढं शेळी. पार्वतीबाईनं ओटी सोडली, कापूस गाठोड्यात रिता केला आणि लेकीकडं बघितलं. मनकर्णा दोन सऱ्या पुढं होती, पण तिचा वेग आज निराळा होता. ती मधेच थांबायची, एक हात हवेत उचलायची, बोटं एकदा दोनदा फिरवून बघायची, जुनं काही आठवतंय का ते, आणि पुन्हा बोंडाला हात घालायची.

"तिकडं बगा," पार्वतीबाई म्हणाली. "आपली पोरगी बोलायली."

भुजंगनं बघितलं. बराच वेळ बघितलं. पैशाची गोष्ट मनकर्णानं स्वतःच मिटवली. त्याच संध्याकाळी तिनं शिलाईचे पैसे साठवलेला डबा आणून बापापुढं ठेवला, त्याच्या मिशीवर बोट फिरवलं आणि हवेत चौकोन काढला. भुजंगनं डबा उघडून पैसे मोजायला घेतले.

बुधवारी भुजंग कापसाची गाडी घेऊन मानवतला निघाला आणि तिच्यावर मायलेकीही बसल्या. बन्सीधरचं दुकान बाजारात, रेडिओ-घड्याळांचं, नव्यानं टीव्हीचं. बन्सीधर माणूस सरळ. गावाचं नाव ऐकलं आणि त्यानं मान हलवली.

"बोरगव्हाण म्हंजे लय आडबाजूला. टावर परभणीला. तुमच्यापस्तोर येईस्तोर चित्र थकून जातंय. आवाज काय, कुठंबी येतो, त्याला काय लागत न्हाई. चित्र आणायचं म्हंजे उंची पायजे. चाळीस फूट. तेवढा लोखंडी नळा घेताल तर टीव्हीपेक्षा नळा महाग."

"लाकडी चालंल का?" पार्वतीबाईनं विचारलं.

"कळक चालंल की. पर चाळीस फुटाचा कळक उभा करनार कोन? वाऱ्यानं मोडला तर माळवदासगट खाली."

मग बन्सीधरनंच तोड काढली. सेट न्या, चांगला अँटिना देतो, सोबत आवाज-चित्र वाढवायची डबीपण देतो. रविवारपर्यंत चित्र साफ आलं तर टीव्ही तुमचा, नाही आलं तर सोमवारी परत आणा, पैसे परत देतो. सोमवारच्या पुढं मात्र घेणार नाही. भुजंगला हे फार पटलं. परत द्यायची सोय असली की त्याला कुठलंही काम सोपं वाटे.

रिकाम्या गाडीत वाकळ अंथरून टीव्ही ठेवला. मनकर्णानं त्याला दोन्ही हातांनी धरलं ते बोरगव्हाण येईपर्यंत सोडलं नाही. चाक खड्ड्यात गेलं की ती आधी टीव्ही सांभाळे, मग स्वतःला.

आता प्रश्न चाळीस फुटांचा. पार्वतीबाईनं तो गाडीतच सोडवला होता, पण नवऱ्याला सांगितला नव्हता. घरी आल्यावर ती सरळ महादेवाच्या देवळाकडं चालू लागली, आणि भुजंग मागून.

देवळात बसप्पा बसला होता. सत्तरीचा, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, खांदे अजून दारासारखे. गावातली पंधरा-वीस लिंगायत घरं महादेवाची काठी उठवत, आणि बसप्पा त्या काठीचा मानकरी. दर चैत्रात उंच कळकाची, म्हणजे जाड बांबूची काठी सजवून शिखर शिंगणापूरच्या महादेवाच्या नावानं उभी करायची, तिची पुढली बाजू म्हणजे तिचं तोंड, मग गावातून मिरवायची. हलगी इतकी जोरात की कानात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून काठीपुढं एकजण उभा राहून नुसत्या हातानं हुकूम देतो, आणि दोर धरणारे सगळे त्या हाताकडं बघतात. चाळीस वर्षं तो हात बसप्पाचा होता. जुनी झालेली काठी उतरवली की ती जाळायची नाही, तोडायची नाही. ती देवळाच्या मागं उभी करून ठेवायची, आणि कुणी उभं करायच्या कामालाच मागितली तर द्यायची, अशी त्यांची रीत.

"शरणार्थ, आप्पा," भुजंग म्हणाला आणि मागं सरून त्यानं बायकोला पुढं केलं.

पार्वतीबाईनं सगळं सांगितलं. बसप्पानं ऐकून घेतलं.

"देवाची काठी टीव्हीला?"

"उभीच करायची हाय, आप्पा. आडवी कुठं टाकायलाव?"

बसप्पा हसला. बाईनं बरोबर नस पकडली होती. "देतो. पर उभी आमी करणार, आमच्या रीतीनं. काठीचं तोंड शिखराकडं र्‍हाईल. त्ये चुकवायचं न्हाई. मंजूर हाय का?"

"मंजूर," भुजंग घाईघाईनं म्हणाला. काठीच्या तोंडाचा आणि टीव्हीचा काही संबंध असेल, हे तेव्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शुक्रवार-शनिवार वेचणी संभाळून अंगणात तयारी झाली. भुजंगनं पहारीनं कंबरभर खड्डा खणला. बुडाला दगड फोडून घालण्याऐवजी पार्वतीबाईनं घरातलं जुनं दगडी उखळ दिलं. त्यात काठीचं बूड नेमकं बसलं. वरच्या टोकाला अँटिना बांधला, तोंड काठीच्या तोंडाच्या अंगाला, कारण आप्पा म्हणाले की काठीला दोन तोंडं नसतात. चार बाजूंना चार सोल, जाड दोर. एक लिंबाला, एक गाडीच्या जुवाला, दोन खुंट्यांना.

रविवारी सकाळपासून वारा सुटला होता. तरी दहापर्यंत निम्मं गाव अंगणात. माणिकरावही आले, हातात छडी, डोक्याला फेटा. गावातला पहिला टीव्ही त्यांचा, म्हणजे टीव्हीतलं कळणारे तेच, त्यामुळं ते न विचारताच घरात जाऊन सेटपुढच्या सतरंजीवर बसले. पार्वतीबाई डोक्यावरचा पदर ओढून दाराआड झाली. माणिकराव तिचे भासरे, थोरले दीर. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, पण ती त्यांच्याशी समोरासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती.

हलगी कडकडली. बसप्पा अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात उचलले. बारा माणसांनी काठी खांद्यावर घेतली. हात वर गेला तशी काठी वर गेली, हात डावीकडं झुकला तसा डावा सोल ताणला गेला. मधेच वाऱ्याचा झोत आला, काठी वाकली, बायका किंचाळल्या. बसप्पाची बोटं जराशी मिटली, आणि लिंबाचा सोल धरणारे दोघं मागं रेलून जवळजवळ जमिनीवर आडवे झाले. त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा तटतटल्या. काठी सरळ झाली, उखळात बसली आणि आभाळात उभी राहिली. बसप्पानं तिचं तोंड नीट शिखराकडं केलं, सोल आवळले, नारळ फोडला.

"लावा!" भुजंग दारातून ओरडला.

माणिकरावांनी बटण पिळलं. घरातून मोठ्ठा, स्वच्छ आवाज आला. कुणीतरी गात होतं.

"आला! आला! लय साफ! थांबा, हलवू नका!" माणिकराव ओरडले. अंगणात शिट्ट्या वाजल्या. भुजंगनं डोक्याचा पटका काढून घाम पुसला. काम फत्ते झालं होतं.

पार्वतीबाईनं दाराआडून पडद्याकडं बघितलं. मुंग्या. माणिकरावांच्या घरी होत्या तितक्याच, उलट जरा धडधाकट.

तिच्या शेजारी मनकर्णा उभी होती. तिनंही बघितलं. तिनं काही खूण केली नाही, नुसता आईचा पदर मुठीत धरला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजत आले होते. एकाला बातम्या. आज चित्र आलं नाही तर उद्या गाडी मानवतला, आणि टीव्ही परत. पार्वतीबाईला एकाएकी भीती वाटली, नुसत्या टीव्हीची नव्हे. आता हे हात परत गप झाले तर पुन्हा बोलायचे नाहीत, असं तिला अगदी आतून वाटलं.

"झालं की," माणिकराव म्हणत होते. "माझ्याकडं येतो तस्साच आलाय. भुजंग, चहा टाकाया सांग."

पार्वतीबाई दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तिनं तोंड झाकलं नाही.

"आवाज आलाय," ती माणिकरावांकडं बघून म्हणाली, "पर माझ्या पोरीला आवाज काय करायचाय?"

माणिकरावांनी भावाकडं बघितलं, भुजंगनं जमिनीकडं. आणि मग, काय झालं कोण जाणे, भुजंगनं मान वर केली.

"खरं हाय, दादा," तो म्हणाला. "टीव्ही तिचा हाय. तिला दिसला पायजे." आणि अंगणात वळून त्यानं हाक दिली, "आप्पा, काठी फिरवावी लागंल!"

बसप्पाचा चेहरा बदलला. "तोंड फिरवायचं न्हाई म्हनलं होतं ना म्या? सबूद दिलता तुमी."

"आप्पा, परभणी शिखराकडं न्हाई. पार उलटी हाय."

"आसू दे. म्या चाळीस वर्सं काठीचं तोंड फिरवलं न्हाई. आता म्हातारपनी फिरवू? टीव्हीसाठी?"

बसप्पाचंही काही चूक नव्हतं. रीत त्याची, काठी त्याची, आणि शब्द दिलेला. पार्वतीबाईनं लेकीकडं बघितलं, तर लेक शेजारी नव्हती.

मनकर्णाला त्या बोलण्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं एवढंच बघितलं होतं की आत पडदा आहे, बाहेर काठी आहे, आणि मधे ओरडणारी माणसं आहेत. वाऱ्यानं काठी जराशी वळली की पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त होतात, हेही तिनं टिपलं होतं. ती उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून डावीकडं मान केली की पडदा दिसे, उजवीकडं केली की काठी. तिनं उजवा हात वर उचलला आणि मनगट हळूच वळवलं. फिरवा.

हात वर गेला आणि हलगीवाल्यानं, सवयीनंच, हलगीवर एक टोला दिला. सोल धरणाऱ्यांनी, सवयीनंच, पाय रोवले. काठीच्या माणसांना हात दिसला की विचारायचं नसतं.

बसप्पानं तो हात बघितला. ताठ, न थरथरणारा, खांद्यापासून बोटापर्यंत हुकमाचा. असा हात त्याच्या घरातल्या एकाही पोराला जमला नव्हता. मग त्यानं तळहातावर थुंकी टाकली, हात चोळले आणि पुढं होऊन स्वतः काठीला मिठी मारली.

"काठीपुढं ज्याचा हात, त्याचा हुकूम," तो म्हणाला. "देवाला काय, त्याला चारी दिशा सारख्याच. बगा रे तिच्याकडं! सोल ढिले सोडा!"

काठी उखळात कुरकुरली आणि फिरू लागली.

मनकर्णाची मान डावी-उजवी होत होती आणि हात बोलत होता. अजून. अजून. सावकाश. बोटांची चिमूट, म्हणजे केसभर. आतून माणिकराव ओरडले, "आला, थांबा!" कुणी थांबलं नाही. पुन्हा ओरडले, "आवाज गेला! आरं, आवाज गेला, मागं घ्या!" पण वारा त्यांचं बोलणं पळवून नेत होता, हलगीवाला रंगात आला होता, आणि बारा माणसांचे चोवीस डोळे उंबऱ्यावर लागले होते. ओरडून सांगायचं तर निरोप पोचेपर्यंत काठी पुढं गेलेली असे. हाताला तेवढाही वेळ लागत नव्हता. बसप्पा छातीनं काठी ढकलत होता, त्याची विभूती घामानं ओघळून भुवयांवर आली होती, गालाला कळकाची सालं घासत होती, पण नजर त्या हातावरून ढळत नव्हती. मनकर्णानं हात मागं घेतला. जरा मागं. अजून जरासं. आणि मूठ मिटली.

"धरा!" बसप्पा गरजला.

सोल आवळले गेले. पार्वतीबाई आत धावली. पडद्यावर गाणं म्हणणारी एक बाई होती. अख्खी बाई. तिच्या साडीचा काठ दिसत होता, गळ्यातल्या माळेचे मणी सुटे सुटे दिसत होते, कपाळावरची टिकली दिसत होती. मुंगी औषधाला नव्हती. आवाजाच्या जागी मात्र नुसती घरघर चालली होती, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखी.

माणिकरावांनी एक बटण पिळलं, दुसरं पिळलं. आवाज आला की मुंग्या येत, मुंग्या गेल्या की घरघर सुरू. मनकर्णा आत आली. तिनं चुलत्याचा हात बटणावरून अलगद बाजूला केला, चित्र होतं तसं करून ठेवलं आणि त्यांच्या पुढं, पडद्यासमोर, मांडी घालून बसली.

अंगणातली माणसं आत आली, दारात दाटली, खिडक्यांना लटकली. असं चित्र गावात कुणी पाहिलं नव्हतं. "आरं, तिचं नाक बग, नाक!" एकजण म्हणाला. आतापर्यंत टीव्हीतल्या कुणालाच नाक नव्हतं. बसप्पा भिंतीला टेकून बसला, अजून धापा टाकत, आणि भुजंगनं त्याला स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या दिला.

एक वाजला. पडद्यावर बातम्या सांगणारी बाई आली. तिनं नमस्कार केला आणि तिचे हात हलू लागले.

मनकर्णाच्या पाठीत ताठपणा आला. पार्वतीबाई बाजूला बसून पडद्याकडं बघतच नव्हती, ती लेकीच्या तोंडाकडं बघत होती. आधी लेकीच्या भुवया जुळल्या. काही खुणा निराळ्या असाव्यात, दिल्लीच्या. मग भुवया सुटल्या. ओठ हलले. ती एकदम हसली, मग तोंडावर हात गेला, मग डोळे भरून आले आणि ते तिनं पुसले नाहीत, पुसले असते तर तेवढं बघायचं राहिलं असतं. तिचे हात मांडीवरून आपोआप उठले आणि पडद्यावरच्या बाईला उत्तरं देऊ लागले. सात वर्षांचं साचलेलं होतं. पार्वतीबाईला हुंदका आला. भरल्या घरात, भासऱ्यांच्या समोर ती मोकळी रडली, आणि तिला त्याची काडीची लाज वाटली नाही.

मागं चुळबूळ सुरू झाली. चित्र दिसतंय, पण बाई सांगतेय काय? पडद्यावर आता बर्फासारखं काहीतरी दिसलं, थांबलेली रेल्वे दिसली, मग कसलीतरी पांढरी रास.

"त्यो कापूस हाय का?" कुणीतरी म्हणालं.

"कापूसच दिसायलाय. भावाचं सांगायलेत का काय?"

"आवाज लावा की!"

"आवाज न्हाई येत."

माणिकरावांना राहवेना. घरात कापसाच्या दोन खोल्या भरून ठेवलेल्या, विकावा की थांबावं या फेऱ्यात ते महिनाभर अडकलेले. ते पुढं सरकले. त्यांनी पुतणीच्या खांद्याला बोट लावलं आणि मग, हिच्याशी कसं बोलायचं हे बावीस वर्षांत आपण शिकलोच नाही असं ध्यानात येऊन, ते पार्वतीबाईकडं वळले.

"पार्वती," ते म्हणाले. आवाज जरा खालीच आला होता. "जरा इचार की तिला. कापसाचं काय म्हनायली ती बाई?"

पार्वतीबाईनं लेकीला खूण केली. मनकर्णानं पडद्यावरची नजर काढली नाही. नुसता डावा तळहात मागं करून चुलत्याच्या तोंडापुढं धरला.

"दम धरा म्हनायली," पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली. "त्या बाईचं बोलनं संपू द्या म्हनायली."

बोरगव्हाणात माणिकरावांना दम धरायला सांगणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. पण त्यांनी मांडी घातली, छडी बाजूला ठेवली आणि पुतणीच्या पाठीमागं गपचूप बसून राहिले. त्यांचं बघून सगळं घर गप बसलं.

बातम्या संपल्या. बाईनं हात जोडले, मनकर्णानंही जोडले. आणि मग ती सतरंजीवर अर्धी फिरून गावाकडं तोंड करून बसली. सगळ्यांनी टीव्हीवरची नजर काढली, कुणी खांबाआडून माना काढल्या, खिडकीतल्या माणसांनी एकमेकांना ढकललं, आणि सगळे तिच्या हातांकडं बघू लागले. मनकर्णानं आईकडं एकदा बघितलं आणि सुरू केलं. घरच्या खुणा, शाळेच्या खुणा, आजच शिकलेल्या दिल्लीच्या खुणा, सगळ्या एकात एक. थंडी, बर्फ, धुकं, अडकलेली रेल्वे, तिच्यातली माणसं, त्यांना चहा नेऊन देणारे गावकरी, मग कापूस, कुठला, किती, कुणी काय म्हटलं.

"उत्तरंकडं लय थंडी पडली," पार्वतीबाई सांगू लागली. "रेल्वे बर्फात... न्हाई, धुक्यात... आगं, काय? हां, माणसं अडकली. मग गावातल्यांनी..." तेवढ्यात हात कापसावर गेले होते, तिथून आणखी कुठं, आणि माणिकराव "काय? काय म्हनली?" करत गुडघ्यावर उठले होते. हात थांबायला तयार नव्हते.

"हळू गं माझे माय, हळू!" पार्वतीबाई रडत हसत ओरडली. "तुला दोन हात हायत, मला तोंड एकच हाय!"